न पोचलेला निरोप

मला मूल झालं नाही. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याला शेवटपर्यंत ताटकळत बसावं लागणार नाही. आता माझे केस पिकले आहेत, त्यामुळे कोणाला हे वाचून लाज वाटली तर ती त्याची त्याने सांभाळावी.

माझं माहेर मंगरूळपीरपासून दोन कोसांवर. कोरडवाहू शेत, दोन बैल, एक म्हैस आणि आम्ही दोघी बहिणी. माझ्यात आणि धाकटीत नऊ वर्षांचं अंतर, कारण मधली दोन भावंडं जगली नाहीत. तेराव्या वर्षी माझं लग्न ठरलं होतं. सुपारी फुटली, आणि लग्नाला महिना उरला असताना तो मुलगा तापाने गेला. मी त्याला पाहिलंसुद्धा नव्हतं. पण त्या दिवसापासून मी पांढऱ्या पायाची झाले. लोक मला पाहायला यायचे, गूळपाणी घ्यायचे, बरं बोलायचे, आणि गावाबाहेर पडता पडता कोणीतरी त्यांच्या कानात ती गोष्ट घालायचं. एकदा तर आमच्या दारातून निघालेले पाहुणे मागच्या गल्लीतल्या मुलीला कुंकू लावून गेले. त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. मी एकोणीस वर्षांची झाले तोवर आई माझ्याशी कामापुरतंच बोलायला लागली होती.

तेव्हा कामरगावचं स्थळ आलं. मुलगा म्हणवत नव्हता, कारण तिशी उलटलेली होती. मराठी शाळेत मास्तर, घरची थोडी शेती, बिजवर, पदरी दोन मुली. पहिली बायको वर्षापूर्वी पटकीने गेलेली. आईने आधी नाक मुरडलं. मग दोन दिवस विचार करून स्वतःच माझी समजूत घालायला बसली.

"दोन पोरी आयत्या भेटतेत, आन् दोन-चार तुह्या होतीन. घर कसं भरून जाईन पाह्य," ती म्हणाली.

मी मान डोलावली. मला त्या वयात कोणीही कुठेही न्यायला तयार असतं तर मी गेले असते.

मास्तर एकटेच आले, बरोबर फक्त एक चुलतभाऊ. आमच्याकडे पाहणी झाली की पुरुष मंडळी शेत पाहायला जातात. शेतात पाहण्यासारखं काही नसलं तरी जातात, कारण बायकांसमोर न बोलायचं सगळं तिथेच बोललं जातं. चुलतभाऊ ओसरीवर लवंडला, आणि मास्तर आणि बाबा दोघेच विहिरीकडे गेले. मी परसदारी भांडी घासत होते. तिथून ते दोघे दिसत होते. मास्तर बोलत होते आणि बाबा खाली मान घालून काठीने जमीन उकरत होते. बराच वेळ तसंच चाललं. परत आले तेव्हा बाबांचं तोंड ताप आल्यासारखं उतरलेलं होतं.

"काय म्हनतेत?" आईने दारामागून विचारलं.

"मानूस चांगला हाय. हुंडा नाई म्हनते. कुंकू लावा," बाबा म्हणाले, आणि हातपाय धुवायला निघून गेले.

लग्न झालं. सासरी जाताना दुपारी एका ओढ्याकाठी बंडी सोडली होती. बैल पाणी पीत होते आणि मास्तरांच्या दोन्ही मुली वाळूत खेळत होत्या, मोठी सात वर्षांची, धाकटी चारची. त्या दोघींना पाहुणी आवडली होती की नाही ते त्यांच्या तोंडावरून कळत नव्हतं. मास्तर माझ्यापासून चार हात लांब उभे राहिले, ओढ्याकडे पाहत म्हणाले, "तुले घरच्यानं समदं सांगतलं ना? कबूल हाय ना तुले?"

लग्नानंतर त्यांनी माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. नव्या नवरीने काय करायचं असतं? मी मान हलवली. समदं म्हणजे दोन मुली, थकलेली सासू, पहिलीचं जाणं, असं मी धरून चालले. समदं म्हणजे काय, असं उलट विचारणारी नवरी तेव्हा आमच्या भागात जन्माला आली नव्हती. त्यांनी मोठा श्वास सोडला. त्यांच्या खांद्यावरून काहीतरी उतरल्यासारखं दिसलं, आणि मला वाटलं, किती साधा माणूस आहे, एवढ्याशा होकाराने सुखावला.

साधेच होते ते. हे मी रागाच्या भरातही कधी नाकारलं नाही. त्यांनी माझ्यावर हात उचलला नाही, आवाज चढवला नाही. संध्याकाळी मोठ्या मुलीला पाटी घेऊन बसवायचे तेव्हा म्हणायचे, "तूबी बस." सासूबाई कुरकुरायच्या, पण मी बसायची. आज हे लिहिते आहे ते त्यांच्यामुळे. मुली हळूहळू माझ्या झाल्या. धाकटी तर सहा महिन्यांत माझ्या कुशीत झोपायला लागली.

पहिलीबद्दल ते एक अक्षर बोलत नसत. जे कळलं ते सासूबाईंकडून. तिसऱ्या खेपेला बाळ आडवं आलं, ते गेलं आणि तीही जाता जाता राहिली. तीन महिने अंथरुणात होती. अकोल्याच्या डॉक्टरने सांगितलं होतं की आता पुन्हा दिवस गेले तर ही हाती लागणार नाही. "येवढी तगली माही सून, आन् अकरा महिन्यानं पटकीनं एका दिवसात नेली," असं म्हणून त्या डोळ्यांना पदर लावायच्या. मग बोलण्याच्या ओघात सांगायच्या की त्याच सुमाराला त्यांचा लेकही अकोल्याला जाऊन अंतर्गळाचं ऑपरेशन करून आला होता, कारंज्यापर्यंत बंडीने आणि पुढे आगगाडीने, एकटाच. आल्यावर चार दिवस पाय फाकवून चालत होता. सासूबाईंना त्यात हसू यायचं. मीही हसले होते.

दुसरं वर्ष सरलं आणि लोकांनी माझ्या पोटाकडे पाहायला सुरुवात केली. तिसऱ्या वर्षी पाहणं सोडून बोलायला लागले. मुली पहिलीच्या, त्यामुळे मास्तरात दोष असणं शक्य नव्हतं. हिशोब सरळ होता, सगळा माझ्या नावावर. शेजारी बारसं होतं. मी ओटीचं ताट घेऊन बाळंतिणीपुढे गेले, तर तिच्या आजेसासूने माझ्या हातातून ताट काढून घेतलं. गोड हसून काढून घेतलं, जशी लहान पोराच्या हातातून सुरी काढतात. मी तशीच घरी आले आणि पाट्यावर एवढी मिरची वाटली की तीन दिवस हात पेटले होते. त्या बाईचं तोंड मला अजून आठवतं. देवाने मला क्षमा करावी, ती मेली तेव्हा मला बरं वाटलं होतं.

दर अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी जायची. तिथे आई तयारच असायची. एका वर्षी मंगरूळच्या पिराच्या दर्ग्यात दोरा बांधला. एका वर्षी डोंगरावरच्या देवीला चाळीस दिवस अनवाणी चालायचा नेम धरला, तो सासरी येऊन पुरा केला. कुठल्या वैदूची मुळी, कुठल्या बाबाची राख, कडू, आंबट, सगळं गिळलं. एका मुळीने तर आठ दिवस ओकत होते आणि सासूबाईंना आनंद झाला होता. तो आनंद उतरताना मला पाहवला नाही.

या सगळ्या ठिकाणी बंडी जुंपून नेत ते बाबा. कधी कंटाळा केला नाही. पण आत मात्र यायचे नाहीत. बंडीजवळच बसून राहायचे.

"बाबा, चाला ना आतमंदी," मी म्हणायची.

"बैलं बुजतीन," ते म्हणायचे.

आमचे बैल इतके थंड होते की त्यांच्या कानाशी ताशे वाजवले असते तरी त्यांनी शेपूट हलवली नसती. मी आईला म्हटलंही, की बाबांचा देवाधर्मावर विश्वास उरलेला दिसत नाही. आई म्हणाली, पुरुषांचं तसंच असतं.

आणि घरी मास्तर. मी उपास धरला की ते सांगायचे, जिवाला जप. मी दोरा बांधून आले की माझ्या मनगटाकडे पाहायचे आणि नजर वळवायचे. कधी कधी मी एकटी असले की जवळ येऊन हळूच म्हणायचे, "माह्यासाठी लई करतेस तू." मला वाटायचं, यांनाही मुलगा हवा आहे, फक्त बोलून दाखवत नाहीत. त्या विचाराने मी आणखी एक उपास वाढवायची.

पाचव्या वर्षी सासूबाईंनी तिसऱ्या लग्नाचं काढलं. मला वाईट वागवून नाही, समोर बसवून. घराला वारस हवा, तू राहाशीलच, तुझं पान कोणी हिसकावणार नाही. तेव्हा असं सर्रास चालायचं आणि कायद्याचीही आडकाठी नव्हती. मास्तर नाही म्हणाले. पण सासूबाई जिद्दीच्या होत्या, आणि मला ठाऊक होतं की आज ना उद्या कोणीतरी परकी पोर त्या घरात येणार. मी चार रात्री डोळे उघडे ठेवून विचार केला आणि ठरवलं की सवत यायचीच असेल तर ती माझी बहीण असू दे. वांझ बाई आपल्या पाठच्या बहिणीला सवत म्हणून आणते, हे आमच्याकडे नवं नव्हतं. तिची लेकरं मला मोठी माय म्हणतील, माझ्या मांडीवर खेळतील. धाकटी तेव्हा पंधरा वर्षांची होती. तिला विचारायचं माझ्या मनातही आलं नाही. माझ्या दुःखात मी केवढी आंधळी झाले होते ते यावरून कळावं.

अखजीला माहेरी गेले आणि आईला सांगितलं. आई रडली आणि कबूल झाली. म्हणाली, बापाला तूच विचार.

बाबा शेतात धसकटं वेचत होते. सकाळचे नऊ-दहा झाले असतील, ऊन चढलं होतं. मी त्यांना न्याहारी दिली आणि ते खात असतानाच सांगून टाकलं. त्यांचा घास हातातच राहिला.

"नाई," ते म्हणाले.

"काहून नाई?"

"तिले तिथं द्याची नाई."

"मी तिले पोटच्या पोरीवानी वागवीन, बाबा. माह्यावर भरोसा नाई काय तुमचा?"

"त्याच्यासाठी नाई म्हनत."

"मंग कायच्यासाठी? तुमाले माह्यं घर भरलेलं पाह्यचं नाई काय?"

मी रागाने बोलले. त्यांनी भाकरी खाली ठेवली. हात धोतराला पुसले. आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "त्याले लेकरू होनार नाई. तुह्यापासून नाई, हिच्यापासून नाई, कोनापासूनच नाई."

मला वाटलं, ऊन लागलं यांना.

"अशी वानी काढू नका, बाबा. देवाच्या मनात असलं तं..."

"देवाच्या हातात नाई राह्यलं ते. अकोल्याच्या डाक्टरनं त्याची नस कापून बांधून टाकली हाय. पह्यली जगावी म्हनून त्यानंच करून घेतलं. ते अंतर्गळ-बिंतर्गळ समदं लोकाले सांगाचं."

"तुमाले कोनं सांगतलं?"

"त्यानंच. आपल्या हिरीवर. तुले पाहाले आला त्या दिवशी."

मी खाली बसले. धसकटं पायाला टोचत होती ते आठवतं. बाबा एकदाचे बोलायला लागले ते थांबेनात. मास्तरांनी त्या दिवशी काही लपवलं नव्हतं. म्हणाले होते, मला पुन्हा मूल होणार नाही, मुलीला हे आधी सांगा, तिचं मन असेल तरच कुंकू लावा. मी परक्या पुरुषाने तिला हे कसं सांगायचं, तुम्ही तिच्या आईकडून सांगवा. आणि लग्नाच्या मांडवात त्यांनी बाबांना बाजूला घेऊन विचारलंही होतं, सांगितलं का? बाबा म्हणाले होते, सांगितलं.

"मायले?" मी विचारलं.

"नाई. तिनं स्थळ मोडलं असतं. सहा सालं तुह्या दारातून मानसं वापस जात होते. मी मेल्यावर तुले कोनं पाह्यलं असतं? मी म्हटलं, मार्गी तं लागन पोरगी. दोन पोरी हायेत, जीव रमन."

"मंग दरसाल बंडी जुंपून मले कायले नेत होते?"

हे मी ओरडूनच विचारलं. शेजारच्या वावरातला माणूस थांबून पाहायला लागला. बाबांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसत नव्हते.

"मीबी मांगत होतो," ते म्हणाले. "बैलापाशी बसून. म्या म्हटलं, एखांद्या वक्ती डाक्टर चुकला असन."

माझा बाप मला फसवून, वर देवालाही विनवत बसला होता. त्याला शिव्या द्याव्यात की त्याच्या गळ्यात पडावं ते मला कळेना. मी दोन्ही केलं नाही. भाकरीचं फडकं गुंडाळलं आणि घरी आले. मागून ते म्हणाले, "मायले सांगू नको. ते माह्यं तोंड पाह्यनार नाई." मी आईला म्हटलं, बाबा नाही म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी सासरी निघाले. बाबांनीच बंडी जुंपून मला पोचवलं आणि दारातूनच माघारी वळले.

मास्तर ओसरीवर खळ लावून शाळेची फाटकी पुस्तकं चिकटवत होते. शाळेला सुट्टी होती. सासूबाई मुलींना घेऊन नदीवर गेल्या होत्या. मी बोचकं ठेवलं आणि उभ्यानेच विचारलं, "अकोल्याले कायचं आपरेशन केलं होतं तुमी?"

त्यांनी वर पाहिलं. "तुले ठाऊक हाय ना."

"मले काल ठाऊक झालं."

आधी त्यांना समजलंच नाही. समजलं तेव्हा खळीचं भांडं लवंडलं. पाच वर्षं ते धरून चालले होते की मला सगळं माहीत आहे. मी ओढ्याकाठी मान हलवली होती ना. मग नवस, दोरे, उपास? ते त्यांना वाटत होतं की मी त्यांच्या आईसमोर त्यांचं झाकण्यासाठी करते आहे. गावाने मला वांझ म्हणावं आणि त्यांना कोणी काही म्हणू नये, म्हणून.

"मी तुह्ये उपकार मानत होतो," ते म्हणाले. "रोज मानत होतो."

मी त्या दिवशी त्यांना फार वाईट बोलले. ते लिहीत नाही. त्यांनी ऐकून घेतलं. मग मी विचारलं की नक्की काय करतात, आणि मास्तर ते मास्तरच, त्यांनी मुलीची पाटी ओढली आणि त्यावर काढून दाखवलं. दोन बारीक नळ्या, त्या इथे कापायच्या, टोकं बांधायची. बैलाला खच्ची करतात तसं हे नाही, पुरुषपणाला धक्का लागत नाही, फक्त बीज पुढे जात नाही. पण गावाला कोण समजावणार? गाव बैलच म्हणालं असतं, आणि शाळेतल्या पोरांनी पाठीमागे हंबरून दाखवलं असतं. म्हणून अंतर्गळ.

"डाक्टरनं दोनदा इचारलं होतं," ते म्हणाले. "हे कायमचं हाय म्हने, पुन्हा उलटत नाई. मी म्हटलं, मले उलटवाचंच नाई. ते जगली पायजे, बस."

"जोडता येत नाई?"

"नाई. तू अनवानी चालत होती न त्या साली, मी जाऊन इचारून आलो. आपल्या इकडं कोनी नाई करत म्हने."

त्यांनी पाटी धोतराच्या सोग्याने पुसून टाकली.

मला त्यांचा राग आला होता, पण तो धरायला कुठे जागाच नव्हती. आसपासच्या पन्नास गावांत बायका बाळंतपणात मरत होत्या आणि नवरे तेराव्यानंतर दुसरीचं कुंकू शोधत होते. या एका माणसाने बायको वाचावी म्हणून स्वतःच्या अंगाला सुरी लावून घेतली. मी गावभर शोधलं असतं तरी असा पुरुष सापडला नसता. आणि त्याने ते केलं होतं माझ्यासाठी नव्हे, पहिलीसाठी. मी त्या मेलेल्या बाईचा हेवा केला, सरळ सांगते. माझी होणारी लेकरं तिच्यावरून ओवाळून टाकलेली होती, आणि ती त्यांच्याबदल्यात अकरा महिनेही जगली नाही.

मी एकच मागितलं. तुमच्या आईला सांगा. त्यांनी दुसऱ्याच दिवशी दार लावून सांगितलं. सासूबाईंनी कपाळ बडवलं, तीन दिवस अन्न घेतलं नाही, आणि चौथ्या दिवशी उठून मला म्हणाल्या, "बाई, तू जेव." त्यानंतर त्यांनी वारसाचं नाव काढलं नाही आणि माझ्या हातचं ओटीचं ताट कोणी घेतलं तर स्वतः भांडायला उभ्या राहायच्या. गावाला मात्र आम्ही काही सांगितलं नाही. मास्तर तयार होते. मीच नको म्हटलं. मुलींची लग्नं व्हायची होती, आणि वांझ या शब्दाची मला तोवर सवय झाली होती.

बाबांकडे मी दोन वर्षं गेले नाही. एकदा ते स्वतः आले, हुरड्याची पिशवी घेऊन. मी पाणी दिलं, जेवायला वाढलं, बैलांना कडबा घातला. ते जाताना थोडे रेंगाळले. मला काय हवं होतं ते मला माहीत नव्हतं आणि त्यांनाही नव्हतं. पुढच्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं, चांगल्या घरी, आणि त्या कार्तिकात बाबा गेले. मी त्यांना माफ केलं नव्हतं. आजही पुरतं केलेलं नाही. पण त्यांच्या जागी मी असते तर दुसरं काय केलं असतं तेही मला सुचत नाही, आणि याचा फार त्रास होतो.

आईला मी सांगितलं नाही. बाबा होते तोवर त्यांच्या शब्दासाठी, आणि नंतर, मेलेल्या माणसावर तिने कशाला जळावं म्हणून. तिचं चालूच राहिलं. कोणी कामरगावकडे येणारं असलं की त्याच्याजवळ दोरा पाठवायची, मुळी पाठवायची, कुठल्या दिवशी कशाबरोबर घ्यायची तो निरोप पाठवायची. मी दोरा बांधायची. मुळी परसात टाकायची. पुढल्या भेटीत ती विचारायची, घेतलीस ना? मी म्हणायची, घेतली. ती माझं पोट पदराआडून चाचपून पाहायची आणि म्हणायची, होईल, अजून वय गेलं नाही. बाबा बैलांजवळ का बसून राहायचे ते मला तिच्यासमोर बसून समजलं. खोटं बोलायला लागलं की मधेच थांबायची जागा सापडत नाही.

लढाईची वर्षं होती, रॉकेल मिळत नव्हतं, तेव्हा आई आजारी पडली. मी आणि धाकटी, आम्ही दोघी बहिणी तिच्यापाशी होतो. धाकटीला दोन मुलगे होते आणि तिसऱ्याचा सहावा महिना चालू होता. एके सकाळी ती चुलीपाशी पेज करत होती आणि मी आईचे पाय दाबत होते. आईने मला जवळ यायची खूण केली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"मी कुठं दूर जाऊन नाई राह्यली," ती म्हणाली. "तुह्या पोटी जल्माले येऊन राह्यली. धाकटीले हायेत. तुले कोनी नाई. मले जागा देजो."

मला त्या वेळी सगळं सांगता आलं असतं. दहा शब्द पुरले असते. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती आणि तिला एवढी खात्री होती की तिच्या चेहऱ्यावर आजारपण दिसत नव्हतं.

"ये, माय," मी म्हटलं.

दुपारी ती गेली. तीन महिन्यांनी धाकटीला मुलगी झाली, आणि सगळं घर म्हणालं, आईच आली. नाक तेच, कपाळ तेच. बारशाला मास्तरही आले होते. धाकटीने बाळ माझ्या मांडीवर दिलं आणि म्हणाली, पाह्य, आपली माय. मीही म्हटलं, हो, मायच आहे. ती माझ्याकडे यायला निघाली होती, हे मी कोणाला सांगितलं नाही.